जर्मन 'आयवाइस'चं इंग्रजीत काय करायचं? (अन्नाच्या ॲलर्जीतली प्रथिनं)

कोशकीटक
नमस्कार मंडळी,
मी जर्मनमधून इंग्रजीत वैद्यकीय भाषांतरं करते, हे इथल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. सध्या अन्नाच्या ॲलर्जीवरचा एक लांबलचक लेख हातात आहे. वाक्यं मुकाट्याने येताहेत, प्रथिनांची नावं मात्र छळताहेत.

मुख्य घोळ एका कोष्टकात आहे. डावीकडच्या रकान्यात ओळीने दिलंय: 'ह्यूनरआयवाइस' (ह्यूनर म्हणजे कोंबड्या), 'मिल्शआयवाइस' (मिल्श म्हणजे दूध), 'एर्डनुस' (शेंगदाणा), 'झेलेरी' (सेलरी). 'आयवाइस' म्हणजे अंड्यातला पांढरा भाग आणि 'आयवाइस' म्हणजेच प्रथिन. दुधाच्या ओळीत प्रश्न नाही, तिथे प्रथिनच. पण पहिल्या ओळीत काय लिहू? एग व्हाइट, एग प्रोटीन, की देव न करो, चिकन प्रोटीन? लेखकांना मेल टाकलाय, पण ते सुट्टीवर आहेत.

शिवाय 'हाउप्टअलेर्गेन', 'उनफेरट्रेग्लिशकाइट', 'प्रोवोकात्सिओन' वगैरे मंडळी रांगेत उभी आहेतच. हे शब्द कोशात सापडत नाहीत अशी तक्रार नाही. प्रत्येकाला चार-चार अर्थ सापडतात, ही तक्रार आहे. तुम्ही काय करता?

आळसोबा
मी सुट्टीवर जातो. लेखकांकडून हेच शिकण्यासारखं आहे.

शब्दांगण
यात एवढं अडण्यासारखं काय आहे? विज्ञानाच्या मजकुरात 'आयवाइस' आलं की प्रोटीन लिहायचं. अंड्याचा पांढरा भागच म्हणायचा असेल तर शास्त्रीय जर्मनमध्ये 'आयक्लार' हा शब्द आहे. तो वापरलेला नाही, म्हणजे लेखकाला प्रथिन म्हणायचं आहे. एग प्रोटीन लिहा आणि पुढे चला.

पेट्रीडिश
शब्दांगण, सपशेल असहमत. 'आयक्लार' हा शब्द आहे हे खरं, पण प्रयोगशाळेच्या जर्मन रिपोर्टात 'ह्यूनरआयवाइस' राजरोस पांढऱ्या भागासाठी छापतात.

कोशकीटक, तुम्ही शब्दाकडे बघणं सोडा आणि कोडकडे बघा. रक्तातल्या विशिष्ट आयजीईच्या (ॲलर्जीत तयार होणाऱ्या प्रतिपिंडाच्या) तपासणीत प्रत्येक अर्काला एक क्रमांक असतो. अन्नपदार्थांचे सगळे क्रमांक 'एफ'ने सुरू होतात. एफ१ म्हणजे अंड्याचा पांढरा भाग, एफ७५ म्हणजे पिवळा बलक, एफ२४५ म्हणजे आख्खं अंडं आणि एफ८३ म्हणजे कोंबडीचं मांस. दूध एफ२, शेंगदाणा एफ१३, सेलरी एफ८५. कोष्टकात नसेल तर लेखाच्या 'पद्धती' विभागात किंवा पुरवणीत कुठेतरी हा क्रमांक असणारच. एफ१ दिसलं की एग व्हाइट लिहायचं, वाद संपला.

आणि हा फरक नुसता किरकिरीचा नाही. अंड्यातले मुख्य ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी घडवणारी प्रथिनं, पांढऱ्या भागात असतात: गाल डी १ म्हणजे ओव्होम्युकॉइड, गाल डी २ ओव्हॅल्ब्युमिन, गाल डी ३ ओव्होट्रान्सफेरिन, गाल डी ४ लायसोझाइम. गाल डी ५ हे अल्फा-लिव्हेटिन मात्र बलकात असतं. पिसांमधून पक्ष्यांच्या प्रथिनांची ॲलर्जी झालेल्या माणसाला बलक खाऊन त्रास होतो, तो याच्यामुळे. त्याला जर्मनमध्ये 'फोगेल-आय-सिंड्रोम' म्हणतात, इंग्रजीत बर्ड-एग सिंड्रोम. आता 'एग प्रोटीन' लिहिलंत तर वाचकाला पांढरा की पिवळा हे कळणार कसं?

कोशकीटक
पेट्रीडिश, तोंडात साखर पडो! पुरवणी फाईल उघडली. तिथे अर्कांची यादी आहे आणि ह्यूनरआयवाइससमोर चक्क एफ१ आहे. कोष्टकात एग व्हाइट जातंय.

शब्दांगण
या कोष्टकापुरतं मान्य. पण नियम म्हणून माझं मत बदललेलं नाही. पाठ्यपुस्तकात 'आयवाइस' म्हणजे प्रथिनच असतं.

मधल्यामध्ये
अवांतर: आपल्याकडे शाळेत 'प्रथिन' शिकवतात आणि व्यायामशाळेत 'प्रोटीन' विकतात. जर्मन लोकांचंही तसंच असावं. घरात आयवाइस आणि शोधनिबंधात प्रोटाइन.

पेट्रीडिश
बऱ्यापैकी तसंच. पण एकाच निबंधात दोन्ही शब्द आलटून पालटून येतात, कारण शाळेत त्यांना द्विरुक्ती टाळायला शिकवलेलं असतं. इंग्रजीत आणताना दोन्हींचं एकच करायचं. नाहीतर वाचक दोन वेगळे पदार्थ शोधत बसतो.

जुनेपुराणे
'हाउप्टअलेर्गेन'बद्दल लिहितो. शब्दशः मुख्य ॲलर्जन, पण इंग्रजीत मेन अलर्जन लिहू नका. तिथली रूढ संज्ञा मेजर अलर्जन आहे आणि तिला व्याख्या आहे: त्या पदार्थाला संवेदनशील झालेल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या रक्तात ज्या प्रथिनाविरुद्ध आयजीई सापडतं, ते मेजर. बाकीचे मायनर. जर्मनमध्ये 'नेबेनअलेर्गेन' म्हणतात, त्याचं भलतंच 'साइड अलर्जन' झालेलं मी छापील वाचलंय.

शेरलॉक_होम्सची_मावशी
जुनेपुराणे, इथे एक खाचखळगा आहे. जर्मन लेखक 'हाउप्टअलेर्गेन' नेहमी त्या व्याख्येनेच वापरतात असं नाही. शेंगदाण्याचं उदाहरण घ्या. आरा एच १, आरा एच २ आणि आरा एच ३ हे तिन्ही मेजर म्हणून गणले जातात. मग एखादा लेखक 'आरा एच २ हे शेंगदाण्याचं हाउप्टअलेर्गेन आहे' असं एकवचनात, निश्चित उपपद लावून म्हणतो, तेव्हा त्याला टक्केवारी सांगायची नसते. खऱ्या तीव्र ॲलर्जीचा अंदाज बांधायला हे सर्वांत कामाचं, असं त्याला म्हणायचं असतं. तिथे 'द मेजर अलर्जन' लिहिलं तर इंग्रजी समीक्षक विचारणार, बाकीचे दोन कुठे गेले?

मी अशा ठिकाणी 'द क्लिनिकली मोस्ट रेलेव्हंट अलर्जन' करते आणि लेखकाला समासात टीप टाकते.

जुनेपुराणे
मावशी, हे भाषांतर नव्हे, संपादन झालं. लेखकाने व्याख्या ढिली वापरली असेल तर ती ढिलीच न्यावी. समीक्षक विचारेल ते लेखकाला विचारेल.

शेरलॉक_होम्सची_मावशी
आणि लेखक कोणाला विचारेल? 'भाषांतर कोणी केलंय?'

आळसोबा
:D :D

त्रिशंकू
एर्डनुस + श्पायशर + प्रोटाइन या समासात जर्मनमध्ये 'एस' हे अक्षर सलग तीनदा येतं. १९९६ च्या शुद्धलेखन-सुधारणेनंतर ते तसंच तीनदा लिहायचं असतं. टंकनदोष समजून एक खोडू नका. बाकी श्पायशरप्रोटाइनचं स्टोरेज प्रोटीन, त्यात वाद नाही: बीजाने अंकुरासाठी साठवलेली प्रथिनं.

कोशकीटक
मजा आहे. बरं, याच लेखात एके ठिकाणी 'व्हिसिलीन' आणि 'सेव्हन-एस-ग्लोब्युलीन' एकाच परिच्छेदात आलंय. एकच का?

पेट्रीडिश
एकाच कुळाची दोन नावं. ७एस ग्लोब्युलिन म्हणजे व्हिसिलिन (आरा एच १), ११एस म्हणजे लेग्युमिन (आरा एच ३), आणि २एस अल्ब्युमिन (आरा एच २). हा 'एस' स्वेडबर्ग एककाचा, अपकेंद्रण यंत्रात रेणू किती वेगाने तळाशी बसतो त्याचा. त्रिशंकूंच्या तीन 'एस'शी संबंध नाही. :)

आणखी एक. 'हिट्झेश्टाबील' म्हणजे हीट-स्टेबल. साठवणीची प्रथिनं शिजवून आणि पचनातूनही टिकतात, म्हणून त्यांची प्रतिक्रिया जास्त गंभीर असू शकते. याउलट बर्च या झाडाच्या परागातल्या प्रथिनाशी साधर्म्य असलेली पीआर-१० गटातली प्रथिनं, उदा. सफरचंदातलं माल डी १ किंवा हेझलनटमधलं कॉर ए १, उष्णतेने मोडतात. म्हणून बर्चची ॲलर्जी असलेल्या अनेकांचं कच्चं सफरचंद खाल्लं की तोंड खाजतं, शिजवलेलं मात्र चालतं. मूळ वाक्यात 'हिट्झेलाबील' (उष्णतेने मोडणारं) असेल आणि घाईत 'ला'चा 'श्टा' वाचला गेला तर रुग्णाला उलटा सल्ला जाईल.

अनुस्वार
'पीआर'वरून आठवलं. जर्मनमध्ये 'पाथोगेनेझे-आसोत्सिईर्ट' असं लिहितात, पण इंग्रजीत पॅथोजेनेसिस-रिलेटेड हेच रूढ आहे. 'असोशिएटेड' केलंत तर चूक नाही, पण 'पीआर' या आद्याक्षरांशी जुळत नाही आणि वाचक चमकतो.

नवशिकी_नेहा
मी विद्यार्थिनी आहे, बाळबोध प्रश्न विचारते. हे आरा एच, गाल डी कोणी ठरवलं? जर्मन आणि इंग्रजीत वेगळं असतं का?

पेट्रीडिश
नेहा, वेगळं नसतं, हीच तर चैन आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि रोगप्रतिकारशास्त्रीय संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ यांची एक संयुक्त उपसमिती ही नावं देते. प्रजातीच्या लॅटिन नावातल्या पहिल्या शब्दाची तीन अक्षरं, दुसऱ्याचं एक, मग क्रमांक. आराकिस हायपोजिया, म्हणून आरा एच. गॅलस डोमेस्टिकस, म्हणून गाल डी.

गंमत बर्चची. बेट व्ही १ हे बेटुला व्हेरुकोजा या नावावरून आलंय. आता त्या झाडाला बेटुला पेंडुला म्हणतात, पण ॲलर्जनचं नाव 'बेट पी' झालं नाही. उत्साहाच्या भरात कोणी ते 'दुरुस्त' करू नये.

हळदीकुंकू_नको
लॅटिन नाव बघा म्हणजे प्रश्न सुटला, असा सूर दिसतोय. मग झेलेरीचं काय करणार? जर्मन माणूस ॲलर्जीच्या संदर्भात झेलेरी म्हणतो तेव्हा बहुधा मातीतला गोल कंद त्याच्या मनात असतो. इंग्रजी वाचक सेलरी म्हटलं की हिरवे दांडे बघतो. दोन्हींचं लॅटिन नाव एकच, अपियम ग्रॅव्हिओलेन्स! कंदाला मागे 'रापासेउम' असं वाणाचं नाव लागतं, पण ते लिहायचे कष्ट किती लेखक घेतात?

पेट्रीडिश
हे बिनतोड आहे. प्रयोगात काय खायला दिलं ते बघायचं. 'क्नोलेन' हा शब्द आसपास दिसला तर सेलेरिॲक. लेबलच्या कायद्याचा संदर्भ असेल तर मात्र सेलरीच, कारण तिथे कंद, दांडे, पानं, बिया सगळं एका शब्दात येतं.

कायद्याचं_बोला
लेबलचा विषय निघालाच आहे तर. युरोपीय संघाची २०११ ची ११६९ क्रमांकाची नियमावली सर्व अधिकृत भाषांत उपलब्ध आहे आणि तिच्या दुसऱ्या परिशिष्टात १४ ॲलर्जन-गट आहेत. जर्मन आणि इंग्रजी प्रत शेजारी शेजारी उघडा, अर्धी परिभाषा फुकटात मिळते. जर्मन 'शालेनफ्र्युश्टे' इंग्रजी प्रतीत नुसतं 'नट्स' आहे आणि पुढे बदाम, हेझलनट, अक्रोड अशी यादी. अमेरिकन वाचकासाठी 'ट्री नट्स' लागेल. शब्दशः 'शेल फ्रूट्स' केलंत तर वाचक समुद्रकिनारी जाईल.

समुद्रावरून: 'क्रेब्सटीरे' म्हणजे क्रस्टेशियन्स (कोळंबी, खेकडे), 'वाइशटीरे' म्हणजे मोलस्क्स (शिंपले, माकुळ). युरोपात हे दोन वेगळे गट आहेत. अमेरिकेच्या २००४ च्या कायद्यात फक्त 'क्रस्टेशियन शेलफिश' आहे, मोलस्क्स नाहीत. म्हणून जर्मन 'शालेनटीरे'चं आंधळेपणाने शेलफिश करू नये. आधी कोणते प्राणी ते तपासावं.

मधल्यामध्ये
एवढं वाचून भूक लागली आणि भीतीही वाटली.

दवाखाना_डायरी
बालरोग विभागात काम करते, म्हणून माझं दुखणं मांडते. जर्मन 'एचए-नारुंग'. एचए म्हणजे हायपोअलर्जेन. कोणीही सरळ हायपोॲलर्जेनिक फॉर्म्युला लिहील. तिथेच धोका आहे.

जर्मनीत एचए म्हणून विकलं जाणारं बाळांचं दूध सहसा अंशतः जलविघटित असतं, म्हणजे प्रथिनांचे तुकडे केलेले, पण फार बारीक नाहीत. ते प्रतिबंधाच्या हेतूने आलं. ज्या बाळाला गायीच्या दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी आधीच झालेली आहे, त्याला ते द्यायचं नसतं. त्याला खूप बारीक तुकडे होईपर्यंत जलविघटित केलेलं किंवा अमिनो आम्लांवर आधारित दूध लागतं. अमेरिकेत मात्र बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या निकषानुसार हायपोॲलर्जेनिक म्हणजे सिद्ध ॲलर्जी असलेल्या किमान ९० टक्के बाळांना सोसतं, हे ९५ टक्के खात्रीने दाखवलेलं दूध. म्हणजे शब्द एकच, पण एकीकडे ॲलर्जी झालेल्या बाळाला वर्ज्य, दुसरीकडे त्याच बाळासाठीचं!

म्हणून मी 'पार्शली हायड्रोलाइज्ड फॉर्म्युला' लिहिते आणि पहिल्या उल्लेखाला 'जर्मनीत एचए म्हणून विकलं जाणारं' असं जोडते.

जुनेपुराणे
इथे मात्र मीही जोडेन. बाळाचा प्रश्न आहे.

शेरलॉक_होम्सची_मावशी
अरे वा! नोंद घेतली आहे. :)

अनुस्वार
पटापट काही. 'प्रोवोकात्सिओन' (संशयित पदार्थ मुद्दाम देऊन केलेली चाचणी) हे इंग्रजीत 'चॅलेंज', प्रोव्होकेशन लिहिलं की भांडण वाटतं. दुहेरी-अंध, प्लासिबो-नियंत्रित चाचणी म्हणजे डीबीपीसीएफसी, त्यातला शेवटून दुसरा 'एफ' फूडचा आणि शेवटचा 'सी' चॅलेंजचा. 'कारेन्त्स' म्हणजे अव्हॉइडन्स किंवा एलिमिनेशन. 'क्वाडेल' म्हणजे व्हील, आपल्या मराठीत गांधी. 'क्लेबर' म्हणजे ग्लूटेन, ग्लू नव्हे.

आणि दशांशचिन्ह! जर्मनमध्ये ०,३५ असं स्वल्पविरामाने लिहितात, इंग्रजीत टिंब. हजाराच्या ठिकाणी बरोबर उलटं. १.५०० मिलिग्रॅम म्हणजे दीड हजार, दीड नव्हे. उत्तेजक मात्रेच्या कोष्टकात हे चुकलं तर कोणत्याही शब्दापेक्षा महाग पडेल.

शब्दांगण
'झेन्झिबिलिझीरुंग' राहिलं. सेन्सिटायझेशन. म्हणजे रक्तात आयजीई आहे किंवा त्वचाचाचणी सकारात्मक आहे, एवढंच. खाल्ल्यावर त्रास होतोच असं नाही. अनेक भाषांतरांत त्याचं थेट 'ॲलर्जी' होतं आणि लेखाचे सगळे आकडे फुगतात. 'उनफेरट्रेग्लिशकाइट'ही तसंच: काही जर्मन लेखक ते छत्रीसारखं वापरतात, ॲलर्जीसकट सगळं त्याखाली. इंग्रजी इनटॉलरन्स मात्र आता ॲलर्जी वगळून वापरतात. छत्री असेल तर हायपरसेन्सिटिव्हिटी किंवा ॲडव्हर्स रिॲक्शन टू फूड बरं.

त्रिशंकू
या हायपरसेन्सिटिव्हिटीचा जर्मन पूर्वज 'युबरएम्पफिंडलिशकाइट'. १९२१ साली ब्रेस्लाउमध्ये प्राउसनिट्स आणि क्युस्टनर यांनी याच शब्दाच्या शीर्षकाखाली निबंध लिहिला. क्युस्टनरला शिजवलेल्या माशाची ॲलर्जी होती. प्राउसनिट्सने त्याचं रक्तद्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे गांधी उठली. म्हणजे ॲलर्जीचं कारण रक्तद्रवातून एकाकडून दुसऱ्याकडे जातं, हे कळलं. ब्रेस्लाउ आता पोलंडमध्ये आहे, व्ह्रोत्सवाफ. प्राउसनिट्स पुढे इंग्लंडला गेले आणि आइल ऑफ वाइट बेटावर डॉक्टरकी करत राहिले.

भाषांतरकारांसाठी प्रश्न: त्या काळच्या लेखनात या घटकाला 'रेआगीन' म्हणतात. आयजीई सापडलं १९६० च्या दशकात. जुना निबंध आज इंग्रजीत आणताना काय लिहाल?

जुनेपुराणे
रिएजिन. निबंधकाराला जे माहीत नव्हतं ते त्याच्या तोंडी घालू नये.

शेरलॉक_होम्सची_मावशी
रिएजिन आणि तळटीप. बघा, आमचं जमतंय.

आळसोबा
धाग्याचं नाव बदला: 'मावशी आणि जुनेपुराणे यांचा समेट'.

कोशकीटक
सर्वांना मनापासून धन्यवाद, वाचनखूण साठवली आहे. पण पेट्रीडिश, तुमचा वाद संपलेला नाही. लेखाच्या चर्चा-विभागात पोहोचले तर तिथे 'ह्यूनरआयवाइसअलेर्गी' आलंय, आणि त्याच परिच्छेदात लिहिलंय की मुलांना चॅलेंजसाठी 'फोलआयपुल्फर' दिली. फोल म्हणजे आख्खं! म्हणजे कोष्टकात एफ१ आणि इथे आख्ख्या अंड्याची भुकटी. आता?

शब्दांगण
मी सांगत होतो. :)

पेट्रीडिश
शब्दांगण, अर्धा गुण तुम्हाला. इथे एग व्हाइट अलर्जी लिहिता येणार नाही, कारण नुसता पांढरा भाग दिलेलाच नाही. पण एग प्रोटीन अलर्जीही नको, इंग्रजीत तसं फारसं कोणी म्हणत नाही. सरळ हेन्स एग अलर्जी करा. कोष्टकात एग व्हाइट, चर्चेत हेन्स एग, आणि लेखक परतले की दोन्ही ठिकाणं दाखवून एकदा विचारून घ्या.

कोशकीटक
तसंच करते. त्यांचं स्वयंचलित उत्तर आलंय, सोमवारी परततील. त्या उत्तरात 'तातडीचं असल्यास' म्हणून सहलेखकाचा पत्ता दिलाय. त्यालाही मेल टाकला. तोही सुट्टीवर.